नाव पीडीएफ, पोटात फोटो

"फाइल इनव्हॅलिड म्हणे! काल तर फोटो कसा लख्ख दिसत होता." शेजारचे मामा तालुक्याला जाऊन हात हलवत परतले होते. कर्नाटकातल्या आमच्या वाडीवरून तालुक्याच्या ठाण्याला, जोयड्याला, जायला बस मोजक्याच, त्यातली पहिली गाठायची म्हणून बिचारे अंधारात उठलेले. नातीच्या शिष्यवृत्तीच्या अर्जाला उत्पन्नाचा दाखला जोडायचा होता आणि अर्जाला हवी होती पीडीएफ. मडगावला नोकरी करणाऱ्या पुतण्याने त्यावर युक्ती काढली. दाखल्याच्या फोटोचं नाव बदललं, शेवटचं 'जेपीजी' खोडून तिथे 'पीडीएफ' लिहिलं आणि फाइल व्हॉट्सॲपवर पाठवून दिली. नाव पाहून मामाही खूश, पुतण्याही खूश. संगणक तेवढा खूश झाला नाही.

मी ती फाइल लॅपटॉपवर मुद्दाम नोटपॅडमध्ये उघडली. पडदाभर चिन्हांचा नुसता चिखल. पण पहिल्याच ओळीत चार रोमन अक्षरं ठळक दिसत होती, त्यांचा उच्चार 'एक्सिफ'. ही कॅमेऱ्याने स्वतः लिहून ठेवलेली चिठ्ठी असते: फोटो कधी काढला, कुठल्या फोनने काढला, आणि फोनला परवानगी दिली असेल तर कुठे काढला. म्हणजे नाव काहीही असो, पोटात होता फोटोच. मामांना म्हटलं, पोत्यावर 'साखर' लिहिलं म्हणून आतलं भात गोड होत नाही.

फोनच्या पोटात खरं तर फोटो, गाणं, दाखला असं काहीच नसतं. असतात नुसते आकडे, ० ते २५५ यांमधले, एकापाठोपाठ एक. यातल्या एकेका आकड्याला बाइट म्हणतात. त्या रांगेचा अर्थ कसा लावायचा, याचा ठरलेला करार म्हणजे फाइलचा प्रकार. आणि बहुतेक प्रकार आपली ओळख रांगेच्या सुरुवातीलाच सांगून टाकतात. जेपीजी फोटो असेल तर पहिले दोन आकडे २५५ आणि २१६. पीडीएफ असेल तर आधी टक्क्याची खूण, मग पी, डी, एफ ही तीन अक्षरं आणि पुढे आवृत्तीचा क्रमांक. झिपची सुरुवात पी आणि के या दोन अक्षरांनी होते. फिल कॅट्झ नावाच्या प्रोग्रामरने १९८९मध्ये हा प्रकार आणला, त्याची ती आद्याक्षरं. अर्ज घेणारी संकेतस्थळं पुष्कळदा ही पहिली अक्षरं तपासतात. मामांची फाइल तिथेच अडली.

मग नावाच्या शेवटी टिंबानंतर येणारी ती शेपटी, जिला एक्स्टेन्शन म्हणतात, ती कशाला? तर ही फाइल कुठल्या ॲपने उघडायची, हे फोनला झटकन कळावं म्हणून. ती एक सूचना आहे, एवढंच. आपण ती बदलली की फोन चुकीच्या ॲपला हाक मारतो, आतला एकही आकडा हलत नाही.

खरा बदल करायचा तर आकडे नव्या कराराप्रमाणे पुन्हा लिहावे लागतात. अँड्रॉइड फोनवर ते अर्ध्या मिनिटाचं काम आहे. गॅलरीत फोटो उघडायचा, मेनूतून 'प्रिंट' निवडायचं आणि प्रिंटरच्या जागी 'सेव्ह ॲज पीडीएफ'. किंवा गूगल ड्राइव्हमधलं स्कॅन वापरायचं. ते कागदाच्या कडा ओळखून बाजूची चटई कापून टाकतं, आणि चार पानं असतील तर चारही एकाच पीडीएफमध्ये ओवतं. मामांचा दाखला असा दुसऱ्यांदा तयार झाला तेव्हा नोटपॅडमध्ये पहिल्या ओळीत टक्क्याची खूण आली. मामांनी ती बोट लावून पाहिली.

शेपटीला सूचना म्हटलं, पण एका ठिकाणी तीच सूचना जिवावर बेततं तसं खिशावर बेतू शकते. २०२४च्या लग्नसराईत काही राज्यांच्या पोलिसांनी इशारा दिला होता: अनोळखी नंबरावरून व्हॉट्सॲपवर लग्नपत्रिका येते, नावही 'लग्नपत्रिका' किंवा 'इन्व्हिटेशन', पण शेपटी 'एपीके'. एपीके म्हणजे अँड्रॉइडचं ॲप. ते बसवलं की फोनमधले मेसेज, त्यांतले बँकेचे ओटीपी, परक्याच्या हाती जाऊ शकतात. पत्रिका फोटो असेल, पीडीएफ असेल, फार तर व्हिडिओ असेल. पत्रिका कधी ॲप नसते. विंडोज संगणकावर तर आणखी सावध राहायला हवं, कारण तो मुळात ओळखीच्या शेपट्या लपवूनच ठेवतो. फाइल एक्सप्लोररच्या 'व्ह्यू'मध्ये जाऊन 'फाइल नेम एक्स्टेन्शन्स'वर खूण करून घ्या. आमच्या शाळेतल्या संगणकांवर मी सगळ्यात आधी हेच करतो.

एक गंमत सांगतो. वर्डची २००७पासूनची फाइल, जिची शेपटी 'डॉक्स', ती आतून झिपच असते. तिची एक प्रत काढा, शेपटी बदलून 'झिप' करा आणि उघडा. आत 'वर्ड' नावाचं फोल्डर, त्यात 'मीडिया', आणि त्यात तुम्ही चिकटवलेले सगळे फोटो रांगेने बसलेले. इथे शेपटी बदलून चालतं, कारण माल मुळातच झिपचा आहे. बिघडलेल्या फाइलमधून फोटो वाचवायला ही युक्ती मला दोनदा उपयोगी पडली. एपीकेसुद्धा आतून झिपच, तीच पी-के अक्षरं सुरुवातीला. म्हणून पहिली अक्षरं पाहूनही सगळंच कळतं असं नाही.

आता फोटोकडे परत येऊ, कारण आमच्याकडे कागद म्हणजे पुष्कळदा कागदाचा फोटोच असतो. साधा १२ मेगापिक्सेलचा कॅमेरा घ्या. आडवे ४००० ठिपके, उभे ३०००, म्हणजे १ कोटी २० लाख. प्रत्येक ठिपक्याला लाल, हिरवा, निळा असे तीन आकडे धरले तर ३ कोटी ६० लाख बाइट, म्हणजे ३६ एमबी. पण फोनमध्ये फाइल पाहिली तर ३-४ एमबीचीच. बाकीचं गेलं कुठे? जेपीजीने टाकून दिलं. १९९२मध्ये ठरलेली ही पद्धत चित्राचे आठ बाय आठ ठिपक्यांचे चौकोन पाडते आणि डोळ्याला सहसा जाणवत नाहीत असे बारकावे वगळते. उजेड-अंधार आपल्याला बारीक दिसतो, रंगातला फरक तितका नाही, याचा ती फायदा घेते. काळी नदीच्या काठचं जंगल असेल तर काय गेलं ते कळतही नाही. पण कागदावरच्या अक्षराची कड धारदार असते आणि तिथे हे वगळणं उघडं पडतं. अक्षराभोवती धुरकट ठिपके दिसू लागतात. त्यात तो फोटो व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवला की पुन्हा लहान होतो, पुन्हा दाबला जातो. असा दोन-तीन हातांतून आला की जमिनीच्या सर्वे नंबरातला ३ कुठला आणि ८ कुठला, यावर भांडायची पाळी येते. म्हणून कागद पाठवायचा तर पिनेच्या खुणेवरून 'डॉक्युमेंट' निवडून पाठवावा. तो जसाच्या तसा जातो. मोठी फाइल जायला वेळ लागतो, हे खरं. तालुक्यातल्या अंशीकडच्या वाड्यांत तर नेटवर्कसाठी चढ चढून जावं लागतं. पण एकदा चढून नीट पाठवलेलं बरं.

पुतण्याकडे आयफोन असेल तर आणखी एक शेपटी भेटते, 'एचईआयसी'. ॲपलने २०१७मध्ये ती आणली. जागा साधारण निम्मी लागते, फोटो चांगला राहतो, पण अर्जाची बरीच संकेतस्थळं तिला दारातच अडवतात. सेटिंग्जमध्ये कॅमेरा, मग फॉरमॅट्स, मग 'मोस्ट कम्पॅटिबल' निवडलं की फोन साधे जेपीजी काढू लागतो.

पीडीएफचा जन्मच मुळी 'माझ्याकडे दिसतं ते तुझ्याकडेही तसंच दिसावं' या हट्टातून झाला. अडोबी कंपनीचे जॉन वॉर्नॉक यांनी १९९१मध्ये 'कॅमलॉट' नावाने ही कल्पना मांडली, १९९३मध्ये पीडीएफ बाजारात आली आणि २००८मध्ये ती एका कंपनीची न राहता आंतरराष्ट्रीय मानक झाली. पीडीएफ हा डबा आहे. त्यात फोटो बसतो, मजकूर बसतो, अक्षरांचे साचे म्हणजे फॉन्टसुद्धा बसतात. म्हणून कर्नाटकाच्या 'भूमी' संकेतस्थळावरून काढलेला जमिनीचा कन्नड उतारा कन्नड फॉन्ट नसलेल्या फोनवरही नीट दिसतो.

या डब्यात आणखी एक गोष्ट बसते आणि तिची किंमत लोकांना कळत नाही: डिजिटल सही. सरकारी दाखल्यांच्या पीडीएफमध्ये ती पुष्कळदा असते. ही सही म्हणजे शाईची रेघ नव्हे. फाइलमधल्या आकड्यांवरून केलेला तो एक हिशेब असतो; आतला एक आकडा बदलला तरी हिशेब जुळत नाही आणि बदल पकडला जातो. त्या पीडीएफची प्रिंट काढून, तिचा फोटो काढून, त्याची पुन्हा पीडीएफ केली की पडद्यावर सहीचं चित्र उरतं, सही गेलेली असते. म्हणून संकेतस्थळावरून उतरवलेली मूळ फाइल कधी टाकू नये, प्रिंट हातात असली तरी. आधारची पीडीएफ उघडत नाही अशी तक्रारही नेहमीची. तिला पासवर्ड असतो: नावाची पहिली चार अक्षरं कॅपिटलमध्ये आणि पुढे जन्माचं वर्ष.

अक्षरांचा विषय निघालाच आहे तर सीमाभागातलं आमचं खास दुखणं सांगायला हवं. एका जुन्या मंडळाच्या इतिवृत्ताची फाइल माझ्याकडे आली, मराठीत लिहिलेली. उघडली तर रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा खच. फाइल बिघडलेली नव्हती. ती जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये होती, ज्यात संगणकाला रोमन 'के' सांगितलेला असतो आणि फॉन्ट त्या जागी देवनागरी चित्र काढतो. फॉन्ट नसेल तर मुखवटा गळून पडतो. मराठीत श्रीलिपीच्या जुन्या फाइलींचं हे होतं, कन्नडमध्ये जुन्या नुडीच्या. अशी फाइल पीडीएफ करून ठेवली तर दिसते छान, कारण साचे आत असतात, पण तिच्यात शब्द शोधायला जा, सापडत नाही. तिथला मजकूर कॉपी करा, पुन्हा तोच खच.

यावर उतारा युनिकोड. त्यात प्रत्येक लिपीच्या प्रत्येक मूळ अक्षराला स्वतःचा क्रमांक आहे. मराठी 'क' फाइलमध्ये लिहिला जातो तो २२४, १६४, १४९ या तीन आकड्यांनी. कन्नड 'क' लिहिला जातो २२४, १७८, १४९ असा. पहिला तोच, शेवटचा तोच, फक्त मधला वेगळा! हा योगायोग नाही. भारतीय लिपींची वर्णमाला एकच, हे धरून इस्की नावाचं भारतीय मानक बांधलं गेलं होतं आणि युनिकोडने त्याच्यावरूनच आपल्या लिपींचे तक्ते आखले. प्रत्येक तक्त्यात 'क' त्याच घरात. ज्या तालुक्यात घरात मराठी-कोंकणी आणि कचेरीत कन्नड चालते, तिथल्या माणसाला हे पाहून बरं वाटतं. मला तरी वाटलं.

तीन आकड्यांचा एक तोटाही आहे. अँड्रॉइड फोनमध्ये फाइलचं नाव साधारणपणे २५५ बाइटांपर्यंतच चालतं. रोमनमध्ये २५५ अक्षरं, देवनागरीत जेमतेम ८५, काना-मात्राही त्यात मोजून. 'आजोबांच्या नावावरील जमिनीचा जुना उतारा...' असं पत्र लिहायला बसलात तर नाव मध्येच अडतं.

तेव्हा नाव कसं ठेवायचं? आधी फोन स्वतः ठेवतो ते वाचायला शिकावं. 'आयएमजी-२०२४०६१२-डब्ल्यूए०००७' हे व्हॉट्सॲपवरून आलेल्या फोटोचं नाव. पुढे तारीख, शेवटी त्या दिवसाचा क्रमांक. पण ही तारीख फोटो तुमच्या फोनमध्ये आल्याची, काढल्याची नव्हे. आणि ती एक्सिफची चिठ्ठी व्हॉट्सॲप फोटो पाठवताना काढून टाकतं. पडलेल्या भिंतीचा फोटो पुरावा म्हणून लागणार असेल तर मूळ फोनमधली प्रत जपावी ती यासाठी.

आपण नाव देताना तारीख वर्षापासून लिहावी: २०२४-०६-१२. आपण बोलतो उलट, १२ जून २०२४, पण फोन नावं डावीकडून एकेक अक्षर ताडून लावतो, आणि वर्ष आधी असलं तरच जुनं वर, नवं खाली असा क्रम आपोआप लागतो. याच कारणाने काही यंत्रणांत पान १०चा नंबर पान २च्या आधी लागतो. ०२ लिहिलं की भांडण मिटतं. आणि आकडे एकाच कळफलकाचे वापरा. देवनागरी ४५ आणि रोमन ४५ हे फोनच्या लेखी वेगळे. एकाने ठेवलेली फाइल दुसऱ्याने शोधली तर अनेकदा सापडत नाही. देवनागरी नावं अकारविल्हे लावताना 'क्षेत्रफळ' शाळेच्या तक्त्याप्रमाणे 'ह'नंतर शोधू नका. फोनच्या लेखी क्ष म्हणजे क, हलन्त आणि ष. तो 'क'च्या गर्दीत सापडेल. माझा व्यवहार असा: घरापुरती नावं देवनागरीत, अर्जाला चढवायच्या प्रतीचं नाव साध्या रोमन अक्षरांत, मोकळी जागा न सोडता. काही संकेतस्थळांना बाकी काही पचत नाही.

गावाच्या नावाचा गुंता आमच्याकडे वेगळाच. तालुक्याचं जुनं ठाणं सुपे. काळी नदीवर १०१ मीटर उंचीचं धरण झालं, सुपे पाण्याखाली गेलं, ठाणं जोयड्याला आलं, बरीच माणसं रामनगरला वसली. पण २०११च्या जनगणनेतही तालुक्याचं नाव जुनंच, सुपा. त्यामुळे संकेतस्थळाच्या यादीत 'ज'खाली तालुका दिसला नाही की माणूस गडबडतो. फाइलच्या नावात तालुका लिहायचाच तर दोन्ही नावं लिहावीत. उताऱ्यापुरतं मात्र गाव, सर्वे नंबर आणि हिस्सा एवढं पुरतं: '२०२४-०६-१२-उतारा-सर्वे४५-हिस्सा२'. संकेतस्थळाने दिलेलं आकड्यांचं लांबलचक नाव तसंच राहू दिलं, तर महिन्याभराने आपल्यालाच ओळखू येत नाही.

फोल्डर म्हणजे आपला जुना रुमाल. पेशवे दप्तरातले कागद कापडी रुमालांत बांधलेले. त्यांतले निवडक कागद गो. स. सरदेसाई यांनी १९३० ते १९३४ या काळात ४५ खंडांत छापले ते एकेक रुमाल सोडूनच. मी मामांच्या फोनमध्ये रुमाल केले माणसांवार: मामा, मामी, मुलगा, सून, नात. आधार, दाखले, गुणपत्रिका ज्याच्या त्याच्या रुमालात. लोक 'पीडीएफ', 'फोटो', 'व्हिडिओ' असे प्रकारवार फोल्डर करतात. ते मला पटत नाही. कागद शोधताना आपण 'नातीचा दाखला' असं म्हणतो, 'पीडीएफ आण' असं कोणी म्हणत नाही. प्रकारानुसार गाळून दाखवायचं काम फोनचं ॲप करतंच. आणि रुमालात रुमाल, त्यात रुमाल असं दोन पायऱ्यांच्या पुढे जाऊ नये.

जमिनीचा रुमाल वेगळा, आणि वनहक्काच्या दाव्याचा त्याहून वेगळा. २००६च्या कायद्याने दावा करायचा तर १३ डिसेंबर २००५पूर्वीपासूनची वहिवाट दाखवावी लागते. इथल्या सिद्दी समाजाला २००३मध्ये अनुसूचित जमातीचा दर्जा मिळाला, म्हणून त्यांना तेवढं पुरतं. कुणबी आणि गवळी घरांना कर्नाटकात तो नाही, म्हणून त्यांना तीन पिढ्यांचं, म्हणजे ७५ वर्षांचं वास्तव्य दाखवावं लागतं. मग पेटीतला प्रत्येक जुना कागद मोलाचा: घरपट्टीची पावती, रेशनकार्ड, मतदारयादीचं पान, जुन्या विहिरीचा फोटो, म्हाताऱ्या माणसांचे जबाब. १९५६पर्यंत आमचा जिल्हा मुंबई राज्यात होता, त्यामुळे एकाच घरच्या पेटीत मराठी, कन्नड, इंग्रजी तिन्ही भाषा निघतात. असे कागद फोटोत घेताना एकदाच, दिवसाच्या उजेडात, सपाट ठेवून, पाठची बाजूसुद्धा घ्यावी. शिक्का पुष्कळदा पाठीमागेच असतो.

मामांचे कागद आधी होते कुठे? व्हॉट्सॲपच्या फोल्डरात, 'शुभ सकाळ'च्या हजारभर फुलांखाली. फोन भरला की सून ती फुलं एकदम पुसते. त्यात एकदा नातीची गुणपत्रिका गेली होती. म्हणून महत्त्वाची फाइल आली की तिची प्रत त्याच दिवशी आपल्या रुमालात न्यायची. दुसरी प्रत मेमरी कार्डावर किंवा पेनड्राइव्हवर, तिसरी गावाबाहेर: पुतण्याच्या फोनवर किंवा ड्राइव्हमध्ये. इथला पाऊस आणि वाळवी कागद सोडत नाहीत, आणि खिशातला फोन ओढ्यात पडायला एक घसरण पुरते.

पुढच्या आठवड्यात मामा पुन्हा तालुक्याला गेले, अर्ज चढला. संध्याकाळी ते पत्र्याची पेटी घेऊन ओटीवर बसलेले दिसले. मूळ दाखला प्लॅस्टिकच्या पिशवीत घातलेला, आणि पिशवीवर जाड पेनाने, वर्ष आधी घेऊन, फोनमधलंच नाव लिहीत होते. शेवटी टिंब देऊन थांबले. "मास्तर, ह्याची शेपटी काय लिहू? हा तर कागदच."